सत्तर वर्षं गुंता का होत नाही?

भिवपुरी कॅम्पाकडे गेलं की सह्याद्रीच्या उतारावरून खाली आलेले टाटांचे जाडजूड पाइप दिसतात. वर मावळात ठोकरवाडीचं धरण, खाली पायथ्याशी वीजघर. १९२२ पासून इथे वीज तयार होते आहे. आता शंभरी ओलांडलेल्या वीजघरात मूळचे सुटे भाग कितीसे उरणार? झिजलं की काढायचं, नवं बसवायचं, वीज मात्र चालू ठेवायची. चाकं फिरवून झालेलं पाणीही फुकट जात नाही. राजनाला कालव्याने ते कर्जतच्या शेतांत पोचतं आणि त्यावर उन्हाळी भात निघतो.

आपल्या मेंदूतल्या चेतापेशींचा कारभार थेट असाच आहे. त्या बहुतेक जन्माच्या आगेमागे तयार होतात आणि पुन्हा विभागत नाहीत. नव्वदीच्या आजीच्या मेंदूतली पेशी नव्वद वर्षांची असते. तिच्यातली बरीचशी प्रथिनं मात्र काही दिवसांपूर्वी, फार तर काही आठवड्यांपूर्वी घडलेली असतात. कातडीची पेशी विभागते तेव्हा तिच्यातला कचरा दोघींत वाटला जातो, जुनी पेशी गळूनही पडते. चेतापेशीला ही सोय नाही. जे काही साफ करायचं ते आतल्या आत आणि काम चालू असताना.

एवढं साफ करण्यासारखं असतं तरी काय? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक आकारात दुमडली गेली तरच कामाची. दुमड सुटली की काय होतं ते आपण रोज तव्यावर बघतो: अंड्याच्या पारदर्शक भागातल्या साखळ्या उष्णतेने उलगडतात, एकमेकींना चिकटतात आणि तो पांढराफटक, घट्ट होतो. तो पुन्हा पातळ झालेला कुणी पाहिलाय का? शरीराच्या ३७ अंशांतही काही साखळ्या चुकीच्या दुमडतच असतात. म्हणून पेशी त्यांच्याभोवती राखणदार प्रथिनं ठेवते. त्यांचा पहिला माग १९६२ मध्ये इटलीत फेरुच्चिओ रितोसा यांना लागला. फळमाश्यांच्या पेशी ठेवलेल्या पेटीचं तापमान चुकून वाढलं होतं आणि गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे आलेले दिसले. उष्णतेचा धक्का बसताच काही जनुकं धावून आली होती. ती नेमकी हीच राखणदार प्रथिनं बनवतात, हे पुढे कळलं.

राखणदारांनाही दाद न देणाऱ्या प्रथिनावर पेशी युबिक्विटिन नावाची छोटी खूण चिकटवते. खूण लागलेला माल प्रोटिअसोममध्ये जातो. ही एक पोकळ नळी. सात-सात घटकांची चार कडी एकावर एक रचलेली, टोकांना झाकणं. झाकण खूण ओळखतं, साखळी उलगडतं, आत ओढतं. आत तिचे बारीक तुकडे होतात. त्या तुकड्यांची अमिनो आम्लं पुन्हा नव्या प्रथिनांत वापरली जातात. खूण लावून प्रथिनं मोडण्याच्या या पद्धतीच्या शोधाबद्दल चिखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच वर्षी या नळीची एक अडचण उघडकीस आली. हंटिंग्टन या आनुवंशिक आजारात अंगाला अनावर हालचाली जडतात आणि हळूहळू बुद्धीही ढासळते. त्यामागच्या प्रथिनात ग्लुटामिन हे एकच अमिनो आम्ल ओळीने पुन्हा पुन्हा येतं. पस्तिसाच्या आत असेल तर बाधा नाही. चाळीस किंवा जास्त झालं की आजार जवळपास ठरलेला. अमेरिकेत आल्फ्रेड गोल्डबर्ग यांच्याबरोबर काम करताना प्रसन्ना वेंकटरामन यांनी दाखवलं, की प्रोटिअसोम बाकीचं प्रथिन तोडतो, पण ग्लुटामिनची ओळ त्याला फोडता येत नाही. ती तशीच बाहेर टाकली जाते. वेंकटरामन यांनी पुढे प्रयोगशाळा उभारली ती आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये. तिथे त्यांच्या अभ्यासाचं एक प्रथिन होतं पीएसएमडी-९. प्रोटिअसोमची जुळणी करायला ते हातभार लावतं. म्हणजे साफसफाईच्या यंत्रालाही जुळणी कामगार लागतो!

अ‍ॅक्ट्रेक कॅन्सरची संस्था. तिथे प्रोटिअसोमचं काय काम, असं वाटेल. पण मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर बोर्टेझोमिब हे औषध देतात, ते ही नळीच बंद पाडतं. कॅन्सरची पेशी भरमसाट प्रथिनं बनवते आणि स्वतःच्याच कचऱ्यात गुदमरून मरते. एका आजारात जी नळी तुंबवायची, ती दुसऱ्यात तुंबू नये म्हणून धडपडायचं.

आता अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा आजार. त्यात पेशींबाहेर अ‍ॅमिलॉइड-बीटाचे थर साचतात, पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते होतात. ऐकणाऱ्याला वाटतं, या रुग्णांचा मेंदू काहीतरी विषारी बनवतो. तसं नाही. अ‍ॅमिलॉइड-बीटा तुमच्या-माझ्या मेंदूत या घडीलाही तयार होतंय. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या संशोधकांनी २०१० मध्ये १२ रुग्ण आणि १२ निरोगी वृद्धांची तुलना केली. हे प्रथिन बनण्याचा वेग दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच होता. फरक होता निचऱ्यात: निरोगी मेंदूतून तासाला सुमारे ७.६ टक्के अ‍ॅमिलॉइड-बीटा बाहेर पडत होतं, रुग्णांच्या ५.३ टक्के. हा निचरा एकट्या प्रोटिअसोमचा नव्हे. त्यात रक्तात वाहून जाणं आणि इतर वाटाही आल्या. आकडे छोट्या गटाचे आहेत, तरी मला ते अल्झायमरबद्दल वाचलेल्या कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त सांगून जातात. साचत गेलं, ते बहुधा तासाच्या त्या दोन-अडीच टक्क्यांमुळे.

म्हणून ‘स्मृतिभ्रंश का होतो’ यापेक्षा ‘इतकी वर्षं होत कसा नाही’ हा प्रश्न मला मोठा वाटतो. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. बाकीच्या ९२ टक्क्यांहून अधिकांनी ‘साठी बुद्धी नाठी’ खोटी पाडली आहे.

पेशीतली ही व्यवस्था पुन्हा तरुण करणारं औषध आज नाही. तसं सांगून कुणी पावडर-गोळ्या विकत असेल तर पैसे देऊ नका. रक्तदाब, मधुमेह आणि कमी झालेलं ऐकू येणं यांच्यावर वेळेत उपचार केले तर धोका कमी होऊ शकतो. आणि घरातलं कुणी रोजच्या रस्त्यावर चुकू लागलं, सुट्ट्या पैशांचा हिशोब जमेना झाला, तर ‘वयच झालं’ म्हणून बसू नका. डॉक्टरांकडे न्या आणि बी-१२ व थायरॉइड तपासून घ्या. यांच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत.