आधी ट्रंक कॉल बुक कर म्हणावं!

मागच्या महिन्यात इंदूरच्या घरी आम्ही सगळे मिळून जुन्या काळातली एक गुप्तहेर मालिका बघत होतो. साल १९५४. नायकाला सुगावा लागतो, तो काळ्या फोनची चकती फिरवतो आणि क्षणात मुंबईच्या पोलिसांशी बोलू लागतो. आजी खुदकन हसली. "अरे, आधी ट्रंक कॉल बुक कर म्हणावं! मग बस वाट बघत."

"ट्रंक कॉल म्हणजे?" धाकट्या भावाने विचारलं आणि मालिका राहिली बाजूला.

आजीचं बरोबर होतं. ऑपरेटरशिवाय दुसऱ्या शहरात थेट फोन लावायची सोय आपल्याकडे १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान पहिल्यांदा झाली. मालिकावाल्यांनी फोन जुना आणला, काळ मात्र आणायचा राहिला. आणि तोटा गोष्टीचाच झाला. कॉल लागेपर्यंतची घालमेल, ऑपरेटर ऐकत तर नसेल ना ही धाकधूक, तोवर निसटणारा गुन्हेगार... रहस्यकथेला आणखी काय हवं?

बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्शी' १९९३ साली दूरदर्शनवर आली. तुमच्या आई-बाबांना नक्की आठवेल. रजित कपूर ब्योमकेश, तर सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. आजच्या मानाने मालिका अगदी साधी, तरी ते जुनं कोलकाता खरं वाटतं. कारण तिथले गुन्हेच त्या काळातले आहेत. एका कथेत भर रस्त्यात माणसं कोसळतात आणि त्यांच्या हृदयात ग्रामोफोनची पिन सापडते! मूळ लेखक शरदिंदु बंदोपाध्याय यांनी या कथा १९३२पासून लिहायला घेतल्या. सुरुवातीच्या कथांमधला काळ त्यांना मुद्दाम उभा करावा लागला नाही, ते त्यातच राहत होते. पुढे ते मुंबईच्या सिनेसृष्टीत आले आणि १९५२मध्ये पुण्यात स्थायिक झाले.

'फॉयल्स वॉर' ही ब्रिटिश मालिका मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, २००२मध्ये सुरू झाली. तरीही ती पटते. पेट्रोलचं रेशनिंग, रात्रीचा ब्लॅकआउट, शेजारच्या जर्मन बाईवरचा संशय या गोष्टी तिथे नुसती सजावट नाहीत, गुन्हा त्यांच्यातूनच घडतो.

कधीकधी मात्र आपणच फसतो. १९३०च्या कोलकात्यात बोटांचे ठसे तपासताना दाखवले, तर "तेव्हा कुठलं हे!" म्हणू नका. तिथे ठशांची कचेरी १८९७पासून आहे.

फोन, कपडे, ठसे यांच्या चुका शोधणं सोपं. खरी गोची आहे माणसांच्या मनाची. हल्ली जुन्या काळातली नायिका आजच्या मुलीसारखी बेधडक बोलते आणि घरातलं कुणी चकार शब्द काढत नाही. धीट बायका तेव्हाही होत्याच, पण त्यांना त्याची किंमत मोजावी लागे. आमच्या आजीला लग्नानंतर मॅट्रिकला बसायचं होतं, तर दोन वर्षं घरच्यांची मनधरणी करावी लागली. पडद्यावर ही किंमत दिसलीच नाही, तर सगळं आधीपासून सोपंच होतं, असं आपण समजून चालू.

म्हणून पुढच्या वेळी अशी मालिका आजी-आजोबांना सोबत घेऊन बघा. ते हसले किंवा गप्प झाले, की मालिका थांबवून विचारा.

आम्ही त्या रात्री विचारलं. आजीने पोस्टातल्या बाकावर नागपूरचा कॉल लागायची वाट बघत काढलेली एक दुपार सांगितली. तिकडे तिचे वडील आजारी होते. कॉल लागला तेव्हा अंधार पडला होता, आणि आवाज इतका बारीक, की "बरे आहेत" एवढंच तिला कळलं.

मालिकेतला खुनी कोण, ते अजून आम्ही पाहिलेलं नाही.