‘तिथी’ या शब्दाचे तीन अर्थ

कोशांतून ‘तिथी’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘चांद्र दिवस’ असा दिलेला आढळतो. हा अर्थ चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. पण तेवढ्यावर विसंबून जुन्या कागदपत्रांकडे वळणारा अभ्यासक हमखास फसतो. तिथीला मुळात सूर्योदयाशी किंवा चंद्रोदयाशी काही कर्तव्य नाही. पृथ्वीवरून पाहता चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी पुरी झाली, एवढाच तिचा ज्योतिषातील अर्थ. हे अंतर तो भर दुपारीही तोडील किंवा मध्यरात्रीही. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे जातात. त्यांत तीस तिथी बसवावयाच्या म्हणजे एकीच्या वाट्याला २३ तास ३७ मिनिटे येतात.

हीही केवळ सरासरीच होय. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे पृथ्वीजवळ आलेला चंद्र वेगाने धावतो, दूर गेलेला मंदावतो, आणि त्याप्रमाणे तिथी आखडते वा लांबते. जुन्या गणितातील ‘बाणवृद्धी’ व ‘रसक्षय’ या संज्ञा याच्याच आहेत. बाण म्हणजे पाच व रस म्हणजे सहा. म्हणून साठ घटिकांच्या दिवसाच्या तुलनेत तिथी जास्तीतजास्त ६५ व कमीतकमी ५४ घटिकांची. प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताने या मर्यादा सुमारे ६७ व ५० घटिका, म्हणजे जवळजवळ २७ व २० तास, अशा येतात. महाराष्ट्रात पंचांगशोधनाचा जो वाद दीर्घकाळ चालला त्यात या दोन जोड्या समोरासमोर उभ्या होत्या, आणि व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्यांनी आकाशाची बाजू घेतली.

व्यवहारात मात्र सूर्योदयी जी तिथी चालू असेल तिचे नाव साऱ्या दिवसाला मिळते. हा तिथीचा दुसरा अर्थ. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढील सूर्योदयापूर्वीच संपली तर तिच्या नावाचा दिवसच उरत नाही, तिचा क्षय होतो. दोन सूर्योदयांना ती हजर असली तर वृद्धी. अंकांची ही उडी पाहून लेखनिकाने चूक केली असे समजण्याचा मोह टाळला पाहिजे.

आता चंद्राच्या उगवण्या-मावळण्याकडे वळू. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबरच उगवतो व मावळतो. शुद्ध अष्टमीस तो मध्याह्नी उगवून मध्यरात्री मावळतो, पौर्णिमेस सूर्यास्ताला उगवतो, वद्य अष्टमीस मध्यरात्री. रोजचा विलंब सरासरी पन्नास मिनिटांचा. महाराष्ट्राच्या अक्षांशावर तो कधी चाळिशीच्या आसपास येतो, तर कधी तासाभरापर्यंत जातो. परिणामी साडेएकोणतीस दिवसांत चंद्र साडेअठ्ठावीस वेळाच उगवतो, व महिन्यात एक दिवस चंद्रोदयावाचून जातो. हा दिवस कोणता, हे दिवस कोठून मोजावा यावर अवलंबून आहे. मध्यरात्रीपासून मोजल्यास तो वद्य अष्टमीच्या सुमारास पडतो, सूर्योदयापासून मोजल्यास अमावास्येजवळ.

शुद्ध पक्षातील चंद्रोदय दिवसाउजेडी होत असल्याने तो सहसा कोणी पाहत नाही. डोळ्यांत भरतो तो चंद्रास्त. वद्य पक्षात याच्या उलट. म्हणून विनायकीला चंद्रोदयाची वेळ कोणी विचारीत नाही, संकष्टीला मात्र घरोघरी विचारतात. संकष्टी चंद्रोदयव्यापिनी, म्हणजे चंद्र उगवताना चतुर्थी चालू असावी लागते. त्या दिवशी सूर्योदयी तृतीया असूही शकते, आणि मग दिनदर्शिकेच्या एकाच चौकटीत तृतीया व संकष्ट चतुर्थी अशी दोन्ही नावे दिसतात. नागपूरकरांचा उपवास मुंबईकरांच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी सुटतो, तो रेखांशाच्या अंतरामुळे.

तिसरा अर्थ किनाऱ्यावरचा. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा आडाखा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. येथे तिथी हे दिवसाचे नाव राहत नाही, ती घड्याळाचा काटा होते. बारा अंशांचे वास्तविक अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे बरोबर दोन घटिका. आडाखा पंचेचाळीस धरतो. त्यामुळे पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासाची तूट पडते, पण होडी लोटणाऱ्याला तेवढी चालते. उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची मंद भरती) ही शब्दांची जोडीही याच गणतीतील. पंचांगाची परिभाषा सारी संस्कृत. पण अवस, पुनव, आणि भाऊबीज, वसुबारस, धनतेरस या समासांत टिकून राहिलेली बीज, बारस, तेरस ही रूपे बोलीच्या वाटेने आलेली आहेत.

कागदपत्रे वाचताना हे तिन्ही अर्थ ध्यानात ठेवावे लागतात. जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी असून तीत नक्षत्र व घटी-पळेही दिली आहेत. वार आणि नक्षत्र जोडीला असल्यानेच तिथी गणिताने पडताळून १९ फेब्रुवारी १६३० (जुनी गणना) हा दिनांक मिळतो. नुसत्या तिथीवरून एक दिवसाची शंका राहिली असती. शिवाय महाराष्ट्रातील मास अमान्त आहे. तीच तिथी उत्तरेकडील पूर्णिमान्त गणनेत चैत्र कृष्ण तृतीया ठरते. पक्ष तोच, चंद्र तोच, महिन्याचे नाव मात्र निराळे.

या नोंदीतील ‘वद्य’ हा शब्दही तपासण्यासारखा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ ‘बोलण्याजोगे’. चंद्राशी त्याचा संबंध नाही. जुन्या लेखांत शुक्ल व बहुल पक्षांतील दिवसांसाठी ‘शुदि’ व ‘बदि’ अथवा ‘वदि’ असे संक्षेप येतात. ‘शुदि’चे ‘शुद्ध’ झाले आणि त्याच्या जोडीला शोभेल असे ‘वदि’चे ‘वद्य’ झाले, असे व्युत्पत्तिकार मानतात. कोरणाऱ्याने जागा वाचविण्यासाठी घेतलेले दोन अक्षरांचे रूप अशा रीतीने मराठीत स्वतंत्र शब्द होऊन बसले.