वर्ध्याच्या उन्हात लॅपटॉप घेताना

मैत्रिणींनो, मे महिन्यात आपल्या वर्ध्याचा पारा 45 च्या वर जातो हे तुम्हाला मी काय सांगावं! गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाचा लॅपटॉप ऐन हिशेबाच्या दिवशी तिसऱ्यांदा बंद पडला. हप्त्यांच्या अर्ध्या नोंदी गेल्या, त्यावरून दोघींत बोलाचाली झाली. "ताई, हे तं गिरणीसारखं वाजते अन् चुलीसारखं तापते," आमची हिशेब लिहिणारी बाई वैतागून म्हणाली. 'सगळ्यात पॉवरफुल' म्हणून सेकंडहँड घेतलेलं मशीन ते. आम्हीही भुललो होतो.

नव्यासाठी पुन्हा बाराजणींचा पैसा घालायचा, तेव्हा मात्र मी कला शाखेची असूनही विषय समजून घ्यायचं ठरवलं.

प्रोसेसर जेवढी वीज खातो, तिची शेवटी उष्णताच होते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एच' असेल तर साधारण 45 वॅट, 'यू' असेल तर साधारण 15 वॅट. कामाचा जोर वाढला की दोन्ही याहून जास्त ओढतात, पण फरक राहतोच. 'एच' हा व्हिडिओ एडिटिंग नि मोठे गेम करणाऱ्यांसाठी. आमचं काम हिशेब, अर्ज, ठराव. चार जणींच्या पोह्यांसाठी लग्नाची भट्टी कशाला पेटवायची?

शिवाय बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत 35 म्हणजे गारवाच! पंखा आत ओढतो ती हवाच तापलेली, मग तो जोरात फिरणार, आवाज करणार. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवायला आपला वेग कमी करतो. तरी भागलं नाही तर मशीन बंद. म्हणजे पैसे वेगाचे मोजायचे आणि उन्हाळ्यात वेग मिळायचाच नाही. त्यात आपला जिल्हा कापसाचा. मेकॅनिकने जुना लॅपटॉप उघडला तेव्हा पंख्याच्या जाळीवर धूळ आणि कापसाच्या तंतूंचा चक्क थर होता. बिनपंख्याचेही लॅपटॉप असतात, ॲपलचा मॅकबुक एअर 2020 पासून तसाच आहे, पण ती किंमत आमच्या आवाक्यातली नव्हती.

टिकण्याचं म्हणाल तर प्रोसेसर स्वतः सहसा मरत नाही. उष्णतेने आधी बॅटरी म्हातारी होते, पंखा घासतो. मात्र फार जुना प्रोसेसरही नको. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. स्वस्तात मिळालेला जुना इथे महागात पडतो.

मला राहून राहून चरखा आठवत होता. 1929 साली गांधीजींच्या चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं, तेव्हाच्या अटी काय होत्या? बाईला न थकता आठ तास चालवता यावा, 150 रुपयांच्या वर किंमत नको आणि वेळेवर देखभाल केली तर वीस वर्षं चालावा. दुकानात अशा अटी घालणारी मी एकटीच असेन!

शेवटी 'यू'वालाच घेतला. गादीवर ठेवायचा नाही, दिवाळीनंतर जाळी साफ करून घ्यायची, असा ठरावच लिहिला. पहिल्या बैठकीत हिशेबवाली बाई त्याला कान लावून बसली आणि म्हणाली, "ताई, हे चालू हाय ना?"