आठ आणि पंचाहत्तर

वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहा : ८ आणि ७५. जागतिक आरोग्य संघटनेने ते २०२४ साली प्रसिद्ध केले. जानेवारी २०२० ते मार्च २०२३ या काळात ६५ देशांतील रुग्णालयांत दाखल झालेल्या सुमारे साडेचार लाख कोविड-रुग्णांच्या माहितीवरून ते काढलेले आहेत. या रुग्णांपैकी शेकडा सुमारे ८ जणांना कोविडच्या जोडीला जिवाणूंचाही संसर्ग होता. प्रतिजैविके मात्र शेकडा सुमारे ७५ जणांना देण्यात आली!

प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. उदाहरणार्थ, पेनिसिलीन जिवाणूला आपली पेशीभित्ती नीट बांधू देत नाही. विषाणू ही मुळी पेशीच नव्हे. जेथे भिंतच नाही, तेथे भिंत पाडणारे औषध काय करणार?

मग डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते काय? अर्थातच होते. परंतु विषाणूंमुळे झालेला न्यूमोनिया आणि जिवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया क्ष-किरण चित्रात पुष्कळदा सारखेच दिसतात. रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्यास दोन-तीन दिवस लागतात. इकडे रुग्णाला तर श्वास घेता येत नाही! तेव्हा 'असू द्यावे' म्हणून प्रतिजैविक सुरू होई. एरवी चांगल्या रुग्णालयांत या औषधांवर पहारा असतो. आधी तपासणीसाठी नमुना घ्यायचा आणि निष्कर्ष येताच औषध बदलायचे किंवा थांबवायचे. साथीच्या काळात पहारा करणारी माणसेच कोविड-कक्षांत गुंतली आणि पहारा ढिला पडला.

'जास्तीचे औषध दिले, तर बिघडले काय?' असे तुम्ही विचाराल. थोडे गणित करू. अनुकूल परिस्थितीत 'ई. कोलाय' या जिवाणूचे सुमारे २० मिनिटांत दोन होतात. १० तासांत अशा ३० दुपटी होतात, म्हणजे एकाचे १०७ कोटी! शरीरात हा वेग बराच कमी असतो, पण दुपटीचा नियम तोच. आपल्या आतड्यांत असंख्य जिवाणू सुखाने नांदत असतात. प्रतिजैविक घेतले की त्यांतले पुष्कळ मरतात. औषधाला दाद न देणारा एखादा मात्र वाचतो आणि मोकळ्या जागेत त्याचीच प्रजा वाढते. तीच पुढे शेजारच्या खाटेवर पोचू शकते.

अमेरिकेत २०१९ च्या मानाने २०२० मध्ये, रुग्णालयात जडलेले असे दाद न देणारे संसर्ग व त्यांमुळे होणारे मृत्यू, दोन्ही शेकडा किमान १५ ने वाढले. प्रतिजैविकांचा अतिवापर हे त्यामागचे एक कारण. रुग्णांची गर्दी, दीर्घ मुक्काम आणि श्वसनयंत्रांचा वाढलेला वापर ही इतर कारणे.

म्हणून साध्या सर्दीसाठी घरातली उरलेली प्रतिजैविके कधी घेऊ नका. आणि आणखी एक विचार करा. निदानाला दोन दिवसांऐवजी एकच तास लागला असता, तर ७५ हा आकडा किती खाली आला असता? अशी झटपट तपासणी शोधण्याचे काम केवळ वैद्यकाचे नाही. त्यात भौतिकी आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्या तुमच्यासारख्यांचाही वाटा आहे.