अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतची वाट

घरात लग्न ठरलं की आपण भिंतींना रंग देतो. बाळंतपण यायचं असलं की खोली तयार ठेवतो. म्हातारपणासाठी मात्र घरात कुणी काही करत नाही, कारण ते एका दिवशी सांगून येत नाही. सासू-सासरे, आई-वडील स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायांवर जास्तीत जास्त वर्षं हिंडते-फिरते राहावेत, यासाठी घरात काय बदलावं, ते आज बोलू या.

आम्ही बायकांशी बोलतो तेव्हा एक गोष्ट बऱ्याच आजी हळूच सांगतात. "दिवेलागणीनंतर मी पाणीच पीत नाही बाई, रात्री उठायला नको." अंधारात पाय घसरेल, सुनेची झोपमोड होईल, म्हणून त्या तहान मारतात. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ होते, उठताना चक्कर येते. म्हणजे पडायला नको म्हणून पाणी सोडायचं आणि त्यानेच पडायची भीती वाढायची. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं भराभर विरळ होतात. साध्या पडण्यानेही खुब्याचं हाड मोडतं, बहुतेक वेळा ऑपरेशन करावं लागतं आणि मग कितीतरी जणी पूर्वीसारख्या चालत नाहीत.

म्हणून आमचं सांगणं असं, की आधी सगळ्या घराचा विचार करू नका. अंथरुणापासून संडास-न्हाणीपर्यंतची वाट धरा. रात्री आजींबरोबर ती एकदा चाला. त्या कुठे थांबतात, कशाला हात लावतात, ते बघा. तिथंच काम करायचं आहे.

पहिली कामं बिनपैशाची. वाटेतली सतरंजी, चिंध्यांचं पायपुसणं, पंख्याची वायर, पाण्याची कळशी बाजूला करा. कॉटवर बसल्यावर दोन्ही पाऊलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. कॉट फार खाली असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे घट्ट बसवा, फार उंच असेल तर सुताराकडून पाय कापून घ्या. चष्मा, पाणी आणि बॅटरी झोपल्या जागेवरून हाताला येईल अशी ठेवा. उठल्यावर लगेच चालू नये, काठावर मिनिटभर बसावं, हेही त्यांना सांगा.

दुसरं काम उजेडाचं. दिव्याचं बटण कॉटवरून हाताला लागावं. वाटेत रात्रभर एक छोटा एलईडी दिवा राहू द्या. संडास अंगणात असेल तर त्या वाटेवरही दिवा हवा.

आता उंबरा. दारातल्या उंबऱ्याची आपण पूजा करतो, तो काढायला कुणाचं मन होत नाही. नका काढू. पण त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार करून घ्या. १ इंच उंचीला १ फूट उतार, म्हणजे उंबरा २ इंचांचा असेल तर उतार २ फुटांचा. चौकटीला धरायला एक मूठ बसवा. आतल्या खोल्यांचे उंबरे मात्र काढलेलेच बरे.

सर्वांत जास्त लक्ष न्हाणीघराकडे द्या. तिथली फरशी ओली, त्यात साबण. गुळगुळीत टाइल्स किंवा पॉलिशचा कडप्पा तिथं नको. आधीच बसवला असेल तर सगळं उखडायला नको. पाट्या-वरवंट्याला टाकी लावतात, तशी दगडी फरशीला टाकी मारून ती खरबरीत करता येते. टाइल्स असतील तर खाली घट्ट चिकटणारी रबरी जाळी टाका आणि शेवाळ धरू देऊ नका. आंघोळीला बुटका पाट नको, रुंद पायांचं स्टूल ठेवा. बादली विटांच्या कट्ट्यावर ठेवली की वाकावं लागत नाही. गरम पाण्याची बादली आजींनी उचलायची नाही, ती आधी भरून ठेवायची.

धरायला दांडी हवीच. टॉवेलची दांडी किंवा नळ धरून उठू नये, ते माणसाच्या वजनासाठी नसतात. साधा एक इंची जीआय पाइप चालतो. भिंत आणि पाइप यांत दीड इंच, म्हणजे साधारण दोन बोटांची जागा ठेवा. उंची ठरवायला आजींना तिथं बसवून उठायला सांगा, हात आपोआप जिथं जाईल तिथं खडूने खूण करा. भिंत मातीची असेल तर तिच्यात बोल्ट टिकत नाही. तिथं जमिनीत काँक्रीट करून खांब उभा करा आणि दांडी त्याला जोडा. गुडघे दुखत असतील तर कमोड बसवा किंवा बैठ्या संडासावर कमोडची खुर्ची ठेवा.

दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर ते ढकलताच येत नाही. आतली कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी.

खर्चाचं म्हणाल तर सरकारची थोडी मदत आहे. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदा ३००० रुपये खात्यात मिळतात. जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात चौकशी करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत मदतीचा फोन नंबरही आहे.

आणखी एक. हे सगळं त्यांना विचारून करा. सोय म्हणून त्यांची जागा परस्पर मागच्या खोलीत हलवू नका. चाळीस वर्षांच्या घरात अंधारातही हाताला ओळखीची भिंत लागते, तोही आधारच असतो. स्वयंपाकघरातले त्यांचे डबे कंबर ते खांदा एवढ्या उंचीवर लावून द्या, म्हणजे चहा त्यांचा त्यांना करता येईल.

या आठवड्यात एकच काम करा. रात्रीची ती वाट त्यांच्याबरोबर चाला. आणि मैत्रिणींनो, आज लावलेली दांडी काही वर्षांनी आपल्याही उपयोगाची आहे. येते ना लक्षात?