समतोल पडदा आणि शुद्ध स्वर

नेहमींच्या लाउडस्पीकरांत कागदाचा शंकु हलतो आणि त्याला हलविण्यास लोहचुंबक व तारेचें वेटोळें लागतें. स्थिर विजेवर चालणाऱ्या लाउडस्पीकरांत व हेडफोनांत यांपैकीं कांहींच नसतें. तेथें असतो एक अतिशय पातळ, ताणलेला पडदा आणि त्याच्याजवळ भोकें पाडलेला धातूचा पत्रा. दोहोंमध्यें विजेचा दाब ठेवला कीं ते परस्परांस ओढतात. दाब कमीअधिक झाला कीं ओढहि कमीअधिक होते, पडदा कांपूं लागतो आणि ध्वनि उठतो. रचना इतकी सोपी; पण तिच्यांत एक जन्मजात खोड आहे.

ही ओढ दाबाच्या प्रमाणांत वाढत नाहीं, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, कायमचा दाब १०० आहे आणि गाण्याची लहर त्यांत २० ची भर घालते व तितकीच घट करते. १०० चा वर्ग १००००, १२० चा १४४०० आणि ८० चा ६४००. म्हणजे लहर चढली असतां ओढ ४४०० नें वाढली. उतरली असतां मात्र ३६०० नेंच घटली. या असमानतेमुळें मूळ सुराच्या शेकडा ५ इतका, दुप्पट कंपनसंख्येचा नवा सूर गाण्यांत मिसळतो. सेकंदास २४० कंपनांच्या षड्जाबरोबर ४८० चा तार षड्ज आला तर तो कानास फारसा खुपत नाहीं. खरें दुःख दोन सूर एकत्र वाजतात तेव्हां होतें. २४० चा षड्ज व २७० चा ऋषभ यांतून ५१० व ३० कंपनांचे आगंतुक सूर जन्मतात. गवयानें ते कधीं लाविलेलेच नसतात, आणि ५१० चा सूर तर तार षड्ज व तार ऋषभ यांच्या बरोबर मधोमध जाऊन बसतो! १९५० नंतरच्या दशकांत कित्येक जर्मन रेडिओंत अशीं एकतर्फी यंत्रें बसविलीं गेलीं, पण केवळ उंच सुरांपुरतीं. तेथें पडद्याला फार हलावें लागत नाहीं, म्हणून तें निभावलें.

यावर उतारा म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंस सारख्याच जाळ्या बसविणें. एका जाळीकडील दाब १२० झाला कीं दुसरीकडील ८० होतो. दोन्ही ओढी परस्परविरुद्ध असल्यामुळें पडद्यास जाणवते ती १४४०० व ६४०० यांतील वजाबाकी, म्हणजे ८०००. लहर उलटली कीं तेच ८००० दुसऱ्या दिशेस. विकृति नाहींशी झाली. परंतु हा हिशेब पडदा ठीक मधोमध असेपर्यंतच खरा, आणि मधोमध स्वस्थ बसलेला पडदा गाणार कसा? ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असते. पडदा अंतराच्या एक दशांशानें सरकला कीं जवळच्या जाळीची ओढ जवळजवळ पावपटीनें वाढते आणि दूरची सुमारें एक षष्ठांशानें घटते. जाळी वांकडी बसली तर हा पक्षपात कायमचाच होतो.

यांतील मर्म हार्वर्ड विद्यापीठाचे फ्रेडरिक हंट यांनीं १९५४ सालच्या आपल्या ग्रंथांत उलगडून दाखविलें. पडद्यावरील दाब कायम ठेवूं नये. त्याच्यावरील विद्युत्भार कायम ठेवावा. भार ठरलेला असला म्हणजे लहरीची ओढ दोन जाळ्यांमधील दाबाच्या फरकावर व त्या दोहोंतील अंतरावर अवलंबते. पडदा त्यांच्यामध्यें नेमका कोठें आहे याच्याशीं तिला कर्तव्य राहत नाहीं. १९५७ सालीं इंग्लंडांत विक्रीस आलेला पीटर वॉकर यांचा क्वाड लाउडस्पीकर आणि १९६० सालचा जपानी स्टॅक्स हेडफोन हीं दुतर्फी रचनेचीं नामांकित उदाहरणें होत.

म्हणून कारागिरानें ढिलाई करावी असें मात्र नव्हे. स्टॅक्सच्या पुढील हेडफोनांत ५८० व्होल्टांचा स्थिर दाब आणि जाळीपर्यंतचें अंतर अवघें अर्धा मिलिमीटर! तेथें केसाच्या जाडीइतकी चूकहि मोठीच. पडदा जवळच्या जाळीकडे सतत ओढला जातो, त्याच्या ताणाला तें ओझें पेलावें लागतें, आणि मोठ्या आवाजांत तो त्या बाजूस आधीं आपटतो. शिवाय भार कायम राहतो तो पडद्यावरील लेप विजेला पुरेसा विरोध करीत असेल तरच. खर्जाचें कंपन मंद असतें; ४० कंपनांच्या सुरांत एका हेलकाव्यास सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. लेप फार वाहक असला तर तेवढ्या अवधींत भार इकडचा तिकडे सरकतो, आणि घालविलेली विकृति प्रथम खर्जांतूनच परत येते.