बेकर्ट बोलतो तेव्हा

फ्रिट्झ लांगच्या 'एम' (१९३१) या जर्मन बोलपटात हान्स बेकर्ट पहिल्यांदा दिसतो तो नुसता सावली म्हणून. लहान मुलांच्या खुन्याला पकडून देणाऱ्यास १० हजार मार्क, असं पत्रक खांबावर लागलेलं आहे. एल्सी नावाची चिमुरडी त्यावरच चेंडू आपटतेय आणि टोपीवाली सावली मजकुरावर येऊन थांबते. चेंडू छान आहे म्हणते, नाव विचारते.

खून पडद्यावर होतच नाही. आईच्या हाका, रिकामा जिना, टेबलावर कोरी ताटली, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. बस्स.

चेहरा नंतर येतो. बेकर्ट साकारणाऱ्या पीटर लोरेचे गुबगुबीत गाल, बटबटीत डोळे. आरशासमोर उभा राहून तो बोटांनी ओठांचे कोपरे खाली ओढतो. सगळं शहर ज्याला शोधतंय तो राक्षस आपल्यात कुठे सापडतो का, हे बघत असल्यासारखा.

पोलिसांच्या धाडींनी धंदा बसल्यामुळे शेवटी गुन्हेगारांच्या टोळ्याच त्याला धरतात आणि बंद पडलेल्या दारूभट्टीच्या तळघरात खटला भरवतात. इतका वेळ जेमतेम बोललेला बेकर्ट इथे गुडघ्यांवर कोसळून सलग बोलत सुटतो. हे माझ्या हातात नाही, मीच माझ्या मागे लागलोय, मेलेली मुलं आणि त्यांच्या आया पाठ सोडत नाहीत. बोटं वाकडी, आवाज फाटलेला. कॅमेरा गर्दीकडे वळतो, तर चोर-दरोडेखोरांतले एकदोघे नकळत मान हलवताना दिसतात. लांगचं कसब आहे ते या माना टिपण्यात.

लांग आणि त्याची तेव्हाची पत्नी थेआ फॉन हार्बू (पुढे आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी लग्न केलेली) यांच्या पटकथेत बेकर्टला दारुडा बाप नाही की बालपणीचा आघात नाही. आजकालच्या मालिका हे भांडवल दुसऱ्याच भागात उधळतात. इथे माणसाची तडफड दिसते, पण ती सबब म्हणून पुढे केली जात नाही. त्याच्या बाजूने कुणी बोलू लागलं की गर्दीतून बाई कडाडते: आयांना विचारा! प्रेक्षकाला धड कीवही करू दिली जात नाही.

नाझींना मात्र ही तडफडच सलली. ज्यू असलेला लोरे १९३३ मध्येच जर्मनीबाहेर पडला होता. १९४० च्या एका ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटात त्यांनी हा कबुलीजबाब कापून घातला आणि वर निवेदन जोडलं, की गुन्हेगाराला सहानुभूतीने रंगवून गुन्हा झाकायचा हा प्रयत्न आहे.